छत्रीला ऊन लागलं

दीपक शेजवळांना कशाकशाची भीती वाटते ते सांगत बसलं तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा कशाची वाटत नाही ते सांगितलेलं बरं. ॲसिडची वाटत नाही. नाशिकरोडकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सत्तावीस वर्षं सहायक आहेत आणि सल्फ्युरिक ॲसिडची बाटली ते ताकाची बरणी उचलावी तशी उचलतात. बाकी सगळ्याची भीती. घराबाहेर पडताना कुलूप चारदा ओढून बघतात. एकदा तर ओढून ओढून कडीच हातात आली होती. द्वारका चौक पायी ओलांडायचा म्हटला की आधी एखादं धीट माणूस शोधतात, बहुतेक वेळा डोक्यावर टोपली घेतलेली एखादी म्हातारी, आणि तिच्या आडोशाने पलीकडे जातात.

या भीतीतून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालंय: कमी पडायला नको. पाहुणे चार असले तर भात आठजणांचा. लेक चैताली समुद्रशास्त्र शिकायला गोव्याला निघाली तेव्हा त्यांनी तिच्या बॅगेत तीन टॉर्च, नऊ साबण आणि किलोभर मीठ घातलं होतं.

"पप्पा, मी समुद्राकाठी चाललेय," चैताली म्हणाली.

"असू दे. तिथलं कसं असेल काय माहीत."

ती गेली आणि हॉलमधली टाकी शेजवळांच्या गळ्यात पडली. तीन फूट लांब, खाऱ्या पाण्याची. नाशकात खारं पाणी म्हणजे नवलच. कसाऱ्याचा घाट उतरून बरंच पुढं गेल्याशिवाय समुद्राची हवासुद्धा लागत नाही. पण शेजवळ पुडीतलं समुद्री मीठ प्रयोगशाळेच्या सवयीने तोलून असं मिसळायचे की प्रत्यक्ष समुद्राने येऊन चव घेतली असती तर त्याला घरची आठवण झाली असती. टाकीत दोन मासे होते, पण मासे हे तिथले मानकरी नव्हेत. मानकरीण होती छत्री.

छत्री म्हणजे पोवळं. शेजारपाजारच्यांना पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच ठाऊक, त्यामुळे शेजवळांना दर पाहुण्याला पहिल्यापासून सांगावं लागे. दगडासारखी कडक पोवळी घरात ठेवायला कायद्याने मनाई आहे. हे मऊ, चामड्यासारखं. देठावर पसरट टोपी आणि टोपीभर गव्हाच्या कोंबांसारखे बारीक हात, पाण्यात हलणारे. "झाड आहे का हे?" "नाही, प्राणी आहे." "मग खातो काय?" इथे शेजवळांचा चेहरा उजळे. "त्याच्या अंगात बारीक शेवाळं राहतं. भाडेकरू म्हणा ना. ते उजेडावर स्वयंपाक करतं आणि मालकाला वाढतं. उजेड कमी पडला तर चूल पेटत नाही. फार झाला तर भाडेकरू घर सोडून जातात, मालक पांढरा पडतो आणि उपाशी मरतो."

चैताली अकरावीत असताना द्वारकेजवळच्या मत्स्यालयवाल्या राकेशने तिला बाटलीच्या झाकणाएवढा तुकडा फुकट दिला होता. "जगला तर जगला," म्हणाला होता. सहा वर्षांत त्याची छत्री झाली, बाजरीच्या भाकरीएवढी. बारावीच्या वर्षात चैतालीला डेंग्यू झाला तेव्हा तिने तापात पहिला प्रश्न विचारला होता, "छत्री उघडलीय का?" त्या दिवशी शेजवळांना कळलं की आपल्याला मुली दोन आहेत.

जाताना थोरलीने धाकटीला त्यांच्या ओटीत टाकलं आणि म्हणाली, "पप्पा, फक्त सांभाळा. नवीन काही करू नका."

माणूस भित्रा असल्यामुळे त्यांनी सात महिने खरोखरच नवीन काही केलं नाही. पण एप्रिलच्या सुरुवातीला जुन्या दिव्याने मान टाकली. चैतालीने फोनवरून सांगितलं, राकेशदादाकडून नवा घ्या. पण तो फार तेज आहे, पहिल्या आठवड्यात वीस टक्केच लावा, मग हळूहळू वाढवा. शेजवळांनी वहीत 'वीस टक्के' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. राकेशने दिवा टाकीवर घट्ट बसवून दिला, हातात छोटा रिमोट ठेवला आणि बजावलं, "काका, हा दिवा नाही, सूर्य आहे. जपून."

आठ दिवस वीस टक्के. छत्री खूष, शेजवळ खूष. मग चौदा एप्रिल उजाडला.

जयंतीच्या दिवशी कॉलनीत कमी उजेड ठेवण्याची कुणाची हिंमत असते का? गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या माळा, प्रत्येक गच्चीवर रोषणाई, विहारावर तर डोळे दिपतील असा झगमगाट. पांढरे कपडे घातलेली माणसं घराघरात ये-जा करत होती. जय भीम, जय भीम, खीर घ्या, बसा. सगळे टाकीपाशी थांबत. वीस टक्क्यांत टाकी म्हणजे कंदिलावर बसलेली बैठक. कोपऱ्यावरचा स्वराज कांबळे म्हणाला, "काका, आज सगळीकडं लाइटिंग अन् तुमच्याकडं लोडशेडिंग?"

सगळे हसले. शेजवळही हसले, पण ते शब्द त्यांना लागले. आजच्या दिवशी आपल्या घरात उजेड कमी? त्यांनी रिमोट उचलला आणि बटण दाबत गेले. चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. टाकीत दुपार झाली. लोक "वा!" म्हणाले. बायकोनेसुद्धा मान डोलावली, आणि मंजुषाताई मान सहसा डोलावत नाहीत. पुढे मिरवणूक आली, शेजवळ बाहेर गेले, परत आले, आणि रिमोट गायब.

सोफा उलटा केला. तांदळाचा डबा पाहिला. "तांदळात कसा जाईल तो?" मंजुषाताईंनी विचारलं. "कमी पडायला नको म्हणून बघतोय," शेजवळ म्हणाले आणि डाळीचा डबा उघडला. दुसऱ्या दिवशी राकेशने सांगितलं, कंपनीकडून दुसरा मागवावा लागेल, पंधरा-वीस दिवस. दिव्याला रिमोटशिवाय बटणच नव्हतं. प्लग काढला की सगळाच अंधार, लावला की पुन्हा शंभर.

शेजवळांनी तास कमी केले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी छत्रीने हात आत ओढून घेतले. टोपीचा तपकिरी रंग उतरत चालला, कडेला चुन्याचं बोट ओढल्यासारखी पांढरी रेघ आली. शेजारच्या दगडावरचं मश्रूम जातीचं छोटं पोवळं तर दगड सोडून खालच्या कपारीत सावलीला जाऊन बसलं. शेजवळांना वाटलं, त्याला जमलं ते छत्रीला जमत नाही. तिचे पाय रोवलेले.

संध्याकाळी फोन. "पप्पा, छत्री कशी आहे? फोटो पाठवा ना."

शेजवळांनी मोबाइलमध्ये मागे मागे जाऊन एक जुना फोटो काढला, टम्म उघडलेल्या छत्रीचा, आणि पाठवून दिला. लगेच उत्तर आलं: लाल बदाम. त्या बदामाने त्यांना रात्रभर टोचलं.

सकाळी सगुणाबाई आल्या. मखमलाबादकडच्या मळ्यात त्यांची झेंडूची आणि मिरचीची रोपं असतात. रोज सकाळी कॉलनीत भाजी, फुलं विकून जातात. मंजुषाताई मेथी निवडून घेत होत्या, आणि शेजवळ टाकीसमोर स्टुलावर, डॉक्टर बाहेर यायची वाट बघणाऱ्या नातेवाइकासारखे बसले होते.

"भाऊ का असं बसलंय?" सगुणाबाईंनी विचारलं.

"त्यांची मुलगी आजारी आहे," मंजुषाताई म्हणाल्या. "आतली."

सगुणाबाई चप्पल काढून आत आल्या. काचेला नाक लावून पाहिलं. "ऊन लागलंय तिला."

"ऊन नाही हो सगुणाबाई, दिवा आहे तो."

"दिवा असंल नायतर सूर्य असंल. पान भाजलं की कळतं मला. मिरचीचं रोप ट्रेमधनं काढून एकदम उन्हात ठिवतं का कुणी? आमच्या सोमाने ठिवलं होतं पहिल्या वर्षी, लग्न झाल्या झाल्या. हजार रोप पांढरं झालं. तवापासून जावयाला मी नुसतं पाणी मारू देते." मग मांडीवर हात आपटून म्हणाल्या, "हिरवी जाळी लावा वरून. चार पदर. मग चार दिसाला एक पदर काढायचा. हळूहळू सवय व्हती जिवाला."

"आणि सवय नाही झाली तर?"

"भाऊ, तुम्ही रोप असता ना, तर मी तुम्हाला लावलंच नसतं."

दुपारपर्यंत शेजवळांनी शेडनेटचा तुकडा आणला, प्रयोगशाळेतल्या फिल्टर पेपरसारखा काटेकोर कापला आणि चार पदर करून दिव्याखाली ताणून बांधला. टाकीत हिरवट, निवांत सावली उतरली. दोन दिवसांत पांढरी रेघ पसरायची थांबली. पाचव्या दिवशी छत्रीने दोन-चार हात बाहेर काढून पाहिले. शेजवळांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं खापर त्यांनी चष्म्यावर फोडलं.

आता एक पदर काढायचा होता.

शेजवळ स्टुलावर चढले, गाठ सोडायला हात पुढे केला आणि उतरले. आज आभाळ फार लख्ख आहे, उद्या काढू. उद्या म्हणाले, आज गुरुवार, पाणी बदलायचा दिवस, दोन धक्के नकोत. परवा मासे जरा अस्वस्थ दिसले. सगुणाबाई रोज दारातून विचारायच्या, "काढला का?" आणि शेजवळ रोज नवीन कारण द्यायचे. एका सकाळी तर त्यांनी, एप्रिलचं ऊन खिडकीतून येतं म्हणून, पाचवा पदर लावला.

"सावलीत ठिवून ठिवून रोप लांबटतं, भाऊ," सगुणाबाई म्हणाल्या. "नुसती मान उंच. वाऱ्याला टिकत नाय."

"राहू दे हो अजून दोन दिवस. जीव वाचलाय ना?"

"वाचलाय. जगायचा कधी?"

मंजुषाताई भाजीचे पैसे देता देता म्हणाल्या, "सगुणाबाई, यांनी चैतूला सायकल शिकवली तेव्हा मागची आधाराची चाकं दहावीपर्यंत काढली नव्हती."

"नववीपर्यंत," शेजवळ म्हणाले.

जाळीला अकरा दिवस झाले. छत्री वाकली. देठ लांब झाला, टोपी एका बाजूला कलली, आणि बाहेर काढलेले चार हातही तिने परत आत घेतले. आता भीतीला दोन दारं झाली. जाळी काढली तर भाजेल, ठेवली तर उपाशी मरेल. शेजवळ दोन्ही दारांच्या मधोमध स्टूल टाकून बसले. बुद्धपौर्णिमेला चैताली घरी येणार होती. तीन दिवस राहिले होते. रोज संध्याकाळी ते जुने फोटो पाठवत होते. आता चांगले फोटोसुद्धा संपत आले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी दिवाळीतला एक पाठवला. फोन लगेच वाजला.

"पप्पा, हा फोटो आजचा आहे?"

"हो, म्हणजे आत्ताचाच."

"मग काचेत मी कशी दिसतेय?"

शेजवळांनी चष्मा वर करून पाहिलं. काचेच्या उजव्या कोपऱ्यात, छत्रीच्या मागे, लाल कुडत्यातली चैताली पुसट उभी होती, हातात करंजी.

मग शेजवळांनी सगळं सांगितलं. जयंती, रिमोट, शंभर टक्के, जाळी, पाच पदर. सांगताना त्यांचा आवाज, तोंडी परीक्षेत उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याचा होतो तसा झाला होता.

"पाच?" चैताली म्हणाली. "किती दिवस?"

"अकरा. चार पदर अकरा दिवस. पाचवा नंतर लावला."

"मम्मी काय करत होती?"

"मला मध्ये ओढू नकोस!" मंजुषाताई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "मी या माणसाला सव्वीस वर्षं उजेडात आणतेय!"

चैताली रागावली नाही. रागावली असती तर शेजवळांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "व्हिडिओ लावा. स्टुलावर चढा. आता दोन पदर काढायचे. पाचवा आणि चौथा."

"तू येशील ना परवा सकाळी, तूच काढ. तुझा हात चांगला आहे."

"पप्पा, माझ्या हाताला काय सोनं लागलंय? तुम्हीच लावले, तुम्हीच काढा."

शेजवळ चढले. ॲसिडच्या बाटलीचं बूच काढताना कधी घेतली नव्हती एवढी काळजी घेत त्यांनी गाठीला नखं लावली. एक गाठ सुटली. दुसरी सुटली. टाकीत उजेड दोन बोटं वर आला. छत्री हलली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन त्यांनी पाहिलं आणि तिथेच खाली बसले. छत्रीवर मेणासारखा थर चढला होता. सगळी टोपी गुळगुळीत, करडी, वितळलेल्या मेणबत्तीसारखी. एका कडेला तो थर सुटून चिंधीसारखा लोंबत होता. कातडी सोलत होती. मंजुषाताईंनी पाणी आणून दिलं, तेही त्यांनी घेतलं नाही. चैतालीला फोन करायला तीनदा मोबाइल उचलला आणि तीनदा ठेवला. ती तेव्हा बसमध्ये बसली असेल. रात्रभराचा प्रवास, तो तरी तिचा सुखाचा होऊ दे.

पहाटे ते तिला आणायला द्वारकेला गेले आणि स्कूटर अलीकडेच लावली. ट्रॅव्हल्सच्या गाड्या पलीकडच्या बाजूला थांबतात. शेजवळांनी आजूबाजूला पाहिलं. टोपलीवाली म्हातारी नव्हती, कुणीच धीट माणूस नव्हतं. ट्रक, टेम्पो, भाजीच्या गाड्या चौफेर धावत होत्या. पलीकडे चैताली बॅग घेऊन उतरताना दिसली आणि ते चालायला लागले. एका टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. त्यांना ती ऐकूच आली नाही.

"पप्पा, तुम्ही एकटे आलात? रस्ता ओलांडून?"

"चैतू," शेजवळ म्हणाले, "छत्री गेली गं. मी मारली. आधी उजेडाने आणि मग अंधाराने."

तिचा चेहरा उतरला. स्कूटरवर मागे बसून तिने फक्त त्यांच्या शर्टाची मूठ धरली, शाळेत सोडायला जात तेव्हा धरायची तशी. उपनगरातलं घर येईपर्यंत शेजवळांना ती मूठ पाठीवर निखाऱ्यासारखी वाटत होती.

घरात शिरताच ती बॅग न ठेवता टाकीपाशी गेली. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "मम्मी, माझी होळीची पिचकारी माळ्यावर आहे का?"

पिचकारी आली. चैतालीने ती धुऊन टाकीतलंच पाणी भरून घेतलं, बाही वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि छत्रीवर हलकेच पाण्याची धार सोडली. मेणाचा थर थरथरला. दुसरी धार, तिसरी. आणि बघता बघता तो अख्खा थर, उकळलेल्या दुधावरची साय चमच्याने उचलावी तसा, एका तुकड्यात सुटून वर आला. खाली छत्री होती. नवी, ओलसर, फिकट तपकिरी, आणि सबंध.

"मेली नाहीये, पप्पा. कात टाकतेय. उजेड बदलला की करते ती असं. तुम्ही पदर काढला म्हणून केलं."

"मग ते आधी सांगायचं नाही का?" असं काहीसं शेजवळ पुटपुटले आणि हात धुवायला म्हणून मोरीत गेले. तिथे बराच वेळ नळ चालू होता.

संध्याकाळपर्यंत छत्रीच्या टोपीवर बारीक टोकं दिसू लागली. कडेची पांढरी रेघ होती तिथेच होती. ती भरून यायला काही महिने लागतील, चैताली म्हणाली. आणि पूर्ण भरेलच असं नाही. रात्री जेवताना तिने दुसरी गोष्ट सांगितली. जूनच्या आधी तिला पाण्याखाली उतरायचं प्रशिक्षण होतं, बुडी मारून पोवळी बघायचं. शेजवळांचा घास हातातच राहिला.

"किती खोल?"

"आधी तलावात, छातीएवढ्या पाण्यात. मग पाच मीटर. मग हळूहळू."

शेजवळांनी मंजुषाताईंकडे पाहिलं. मंजुषाताई आमटी वाढत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. शेजवळांनी घास तोंडात घातला आणि तो पुष्कळ वेळ चावला.

सकाळी पौर्णिमा. विहारात जायचं म्हणून शेजवळांनी कपाटातला पांढरा शर्ट काढला, जयंतीला एकदाच घातलेला, म्हणून तसाच हँगरला लावलेला. बटणं लावताना खिशाला काहीतरी टणक लागलं. रिमोट.

ते रिमोट हातात धरून टाकीसमोर उभे राहिले. आता सगळं त्यांच्या बोटात होतं. एक बटण दाबलं की वीस टक्के. सुरक्षित, मंद, कंदिलावरची बैठक. छत्रीचे सगळे हात उघडले होते आणि तीन पदरांतून येणाऱ्या उजेडात डुलत होते. दारातून सगुणाबाईंनी हाक मारली, "भाऊ, पदर?"

शेजवळांनी रिमोट खिशात ठेवला. स्टूल ओढलं, वर चढले. आज खाली उतरले नाहीत, गाठ सोडली. टाकीत उजेड आणखी थोडा वाढला. छत्रीने दोन-चार हात आत घेतले, विचार केल्यासारखं केलं आणि पुन्हा बाहेर काढले.

"आता दोन राहिले," चैताली पांढऱ्या साडीची घडी सावरत म्हणाली. "पुढचा मंगळवारी. मी नसेन."

"माहितीय," शेजवळ म्हणाले.

काढलेला पदर त्यांनी झटकला, व्यवस्थित घडी केली आणि आधीच्या दोन पदरांसोबत चैतालीच्या बॅगेत, टॉवेलच्या खाली सरकवला. गोव्याचं ऊन कसं असेल काय माहीत. कमी पडायला नको.